उताराच्या खाटेवरचा युक्तिवाद

नाना,

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या आजाराला नाव नव्हते. आता आहे, आणि ते तुम्हाला कळवायचे राहिले ही गोष्ट मला बरीच वर्षे बोचते आहे. कारण ज्याला नाव नाही त्यावर चर्चा करायची नाही, हा दंडक तुमचाच. आजाराचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. तो क्षय नव्हता, दमा नव्हता आणि शेजारच्या काकू म्हणत तशी कोणाची नजरही नव्हती. शरीरातील मीठ आणि पाणी ज्या वाटेने पेशींतून ये-जा करतात ती वाट माझ्यात जन्मापासून बिघडलेली आहे. त्यामुळे इतरांच्या छातीत जो स्राव पातळ असतो तो माझ्या छातीत चिकटून बसतो, त्यात जंतू घर करतात, आणि पोटातले पाचकरसही अपुरे पोहोचतात. हा दोष आई आणि वडील या दोघांकडून एकेक असा यावा लागतो. एकाकडूनच आला तर काही होत नाही, जसे तुम्हा दोघांना काही झाले नाही. मला मिळालेल्या वारशात तुम्हा दोघांचा वाटा काटेकोर समान असलेली ही एकच गोष्ट असावी. यात दोष कोणाचा हा प्रश्न उपस्थितच होत नाही, हे मी आईला ती होती तेव्हा नीट समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे निम्मी चूक त्यांची. एवढं त्यांनी हयातीत कबूल केलं असतं तरी लय झालं असतं." ती हसत होती. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, आणि मग तिची निम्मी बाजूही नोंदवून घेतली असतीत.

आपले ते सरकारी वसाहतीतले दोन खोल्यांचे घर मला आजही स्वयंपाकघराच्या बाजूनेच आठवते. मी खाते आहे, खातेच आहे, आणि आई तव्यावरून भाकरी उतरवून थेट माझ्या ताटात टाकते आहे. एवढे खाऊनही माझ्या हातापायांच्या काड्याच होत्या. शेजारच्या काकू दारातूनच विचारत, "अहो, पोरीला जेवायला घालता का नाही?" आई मागे न बघता उत्तर देई, "घालते की. आठ दिवस तुमच्याकडं पाठवू का? तुम्हीच याल सोडायला, रिकामा पिठाचा डबा घेऊन." उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी खेळून आले तेव्हा माझ्या कपाळावर आणि कानशिलांवर पांढरे कण दिसले. मिठाच्या बरणीत मी हात घालते हा आईचा जुना आरोप होता. तिने मला तुमच्यापुढे उभे केले. "बघा. तोंडाला लागलंय तरी नाय म्हणती. गाय हाये का ही, मीठ चाटायला?" तुम्ही चष्मा वर सरकवून कपाळ पाहिलेत, बोट लावून चव घेतलीत आणि म्हणालात, "पुरावा स्पष्ट आहे." नाना, मी त्या दिवशी बरणीला हात लावलेला नव्हता. पस्तिशीत मुंबईच्या एका इस्पितळात माझ्या दंडावरचा घाम गोळा करून त्यातले मीठ मोजले गेले आणि त्यावरून निदान झाले, तेव्हा मला तो खटला आठवला. पुरावा तोच, निष्कर्ष निराळा. त्या निकालाचा फेरविचार व्हावा अशी माझी मागणी अद्याप प्रलंबित आहे.

पण तुमची खरी खोली बाहेरची. खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली विटा, त्यामुळे खाट डोक्याकडे उतरती. एका डॉक्टरांनी सांगितले होते की हिच्या फुप्फुसातल्या नळ्या रुंदावल्या आहेत, कफ आपोआप निघायचा नाही, रोज काढावा लागेल. आणि तळहाताची वाटी करून पाठ कशी ठोकायची ते त्यांनी तुम्हाला दाखवले होते. दिवसभर न्यायाधीशांच्या पायाशी बसून दोन्ही बाजूंचे शब्द लघुलिपीत उतरवून घेणारा तो हात सकाळी माझ्या पाठीवर चाले. मी पालथी, डोके खाली, पुढ्यात जुने पातेले. आणि तुम्ही, ज्यांना न्यायालयात एक शब्द उच्चारायचा अधिकार नव्हता, आदल्या दिवशीच्या एखाद्या कज्ज्यातून एक विधान काढून माझ्यापुढे ठेवत. "विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचं. प्रतिवादी, तुमचं म्हणणं?" प्रतिवादी म्हणजे मी. नियम एकच होता: आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती त्याने मांडली असती त्याहून चांगली, मगच आपली. खोकला आला की तुमचा हात हवेत थांबे. कफ पडेपर्यंत युक्तिवाद तहकूब. "घाई नाही," तुम्ही म्हणत, "कोर्ट बसलेलं आहे." आई आतून ओरडे, "तुमचं कोर्ट उठलं की दूध घेऊन जा, साय धरतीय." आता सांगायला हरकत नाही की एका मुद्द्यावर शास्त्राने तुम्हाला खोडले आहे. डोके खाली करण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी सोडून दिलेली आहे. त्याने पोटातले आम्ल वर येते म्हणतात. पाठ ठोकणे मात्र कायम आहे. विटा मी अनेक वर्षांनी काढल्या, पण टाकून दिल्या नाहीत. त्यांच्यावर आता तुळस आहे.

मी बारा-तेरा वर्षांची असताना ते डॉक्टर तुम्हाला जे म्हणाले ते मला दुसऱ्या खोलीतून ऐकू आले होते, कारण तुम्ही ते आईला त्यांच्याच शब्दांत सांगितलेत. शब्द बदलण्याची तुम्हाला सवयच नव्हती. "शाळा पुरी करेल असं धरून चला. पुढचं मी बोलत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे खाटेवर चादर नीट केलीत, मला पालथे केलेत, आणि विधान ठेवलेत: "ज्याच्या आयुष्याची खात्री नाही, त्यानं लांबचे बेत करू नयेत. प्रतिवादी, तुमचं म्हणणं?" आज मी साठीला आले आहे, आणि तरीही मुलीपुढे हे विधान ठेवायला काय लागत असेल याचा मला अंदाज करता येत नाही. तुम्ही दयेने बोलू शकला असतात, खोटे बोलू शकला असतात, गप्प बसू शकला असतात. तुम्ही मला बाजू मांडायची संधी दिलीत.

मी नियमाप्रमाणे आधी समोरची बाजू मांडली. लांबचा बेत करणारा माणूस दुसऱ्यांनाही त्यात गुंतवतो, तो अर्ध्यावर गेला तर त्यांचेही नुकसान होते, म्हणून त्याने जवळचे बघावे. असे काहीतरी मी म्हणाले, आणि ते मला स्वतःलाच पटले. मग मला खोकला आला. बराच वेळ आला. तुमचा हात हवेत थांबला. आणि खोकला थांबल्यावर मी म्हणाले, "नाना, आई आत कैऱ्यांचं लोणचं घालतेय. ते आज खायचं नसतं. मुरायला वेळ लागतो. खात्री असल्याशिवाय लांबचं करायचं नाही म्हटलं तर कोणीच लोणचं घालू नये. मग ज्यांची खात्री आहे त्यांनाही कोरडीच भाकरी खावी लागेल." तुमचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग तो अगदी हलका खाली आला आणि तुम्ही म्हणालात, "मान्य." आतून आई म्हणाली, "मान्य असंल तर बरणी पुसून द्या." तुम्ही उठून बरणी पुसायला गेलात, आणि फडके बरणीत घालून इतका वेळ पुसत राहिलात की आईने ती तुमच्या हातातून काढून घेतली.

तुमच्या रागाचा एकच प्रसंग मला आठवतो. महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत मी व्यासपीठावर जाऊन सुरुवातीलाच म्हणाले की माझी प्रकृती ठीक नसते, मध्ये थांबले तर सांभाळून घ्यावे. आणि पहिली आले. घरी तुम्ही तो चषक हातात घेतलात, सगळ्या बाजूंनी पाहिलात, खाली ठेवलात. "यातलं किती तुझ्या मुद्द्यांचं आणि किती त्यांच्या दयेचं, हे आता तुला तरी सांगता येईल का?" तुम्हीच निकाल दिलात: "मग हा कोणाचा, ते ठरेपर्यंत कपाटात नको." तो कपाटावर, कपाटाच्या बाहेर, उघड्यावर धूळ खात राहिला. पुढे ज्या वर्षी मी कायद्याच्या अभ्यासाला लागले त्या वर्षी तुम्ही माझ्यासाठी काळा कोट शिवून घेतलात, आणि शिंप्याला छातीत इतका सैल ठेवायला लावलात की तो म्हणाला, "साहेब, यात अजून एक बाई मावेल." तुम्ही म्हणालात, "दम मावला पाहिजे." तो कोट घालून मी न्यायालयात उभी राहिलेली तुम्ही पाहिली नाहीत. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती आणि तुम्ही एका सकाळी, माझी पाठ ठोकून झाल्यावर, हात धुताना न्हाणीघराच्या दारातच बसलात. हृदय होते ते. तुमच्या छातीकडे कोणी लक्ष दिले नव्हते.

पुढची हकिकत तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून क्रमाने सांगते. पाटबंधारे खात्यातल्या एका माणसाशी मी लग्न केले. आजाराला तेव्हाही नाव नव्हते, पण होते नव्हते तेवढे सगळे मी त्याच्यापुढे आधी मांडले, त्याच्या बाजूचे आक्षेपही मीच मांडले. तो म्हणाला, "माझ्या वतीनं एवढं चांगलं मला बोलता आलं नसतं. आता पाठ कशी ठोकायची ते दाखवा." तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी हे काम आईने हाती घेतले होते; तिनेच दाखवले, गादीवर उशी ठेवून. "अहो जावई, कपडे धुताय का? वाटी करा हाताची, वाटी." गेली तीस वर्षे माझ्या सकाळी त्याच्या हाताखाली सुरू होतात. त्याआधी मिठाच्या पाण्याची वाफ नळीतून ओढायची, कफ सुटण्यासाठी ठरावीक रीतीने श्वास घ्यायचे आणि सोडायचे, मग पाठ, मग प्रतिजैविकाची वाफ, प्रत्येक जेवणाबरोबर पाचकरसाच्या गोळ्या. निदान झाल्यावर मिठाला मुभा मिळाली. किंबहुना सक्तीच झाली. चैत्र-वैशाखात मी ताकात इतके मीठ घालते की सहकारी तोंड वाकडे करतात, आणि तुमच्या कोटाच्या पाठीवर घामाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. काळ्यावर त्या फार स्पष्ट दिसतात. मी महापालिकेच्या तलावात पोहते. दर वैशाखी पौर्णिमेला नाशिकच्या लेण्यांच्या पायऱ्या चढते, मध्ये बसते, पुन्हा चढते. वरती पोहोचल्यावर तुमच्यासारखे खालच्या शहराकडे पाहून कोणते तालुके कुठल्या दिशेला ते मोजत नाही, नुसता श्वास घेते. न्यायालयात माझी ख्याती अशी आहे की मी थोडक्यात बोलते. दोन न्यायाधीशांनी तशी प्रशंसाही केली. त्याचे कारण विद्वत्ता नाही. एका श्वासात जेवढे वाक्य मावते तेवढेच मी बांधते. खाटेवर डोके खाली करून शिकलेले वाक्य लांब असूच शकत नाही. हे पत्रच काय ते लांबले आहे, कारण ते मोठ्याने बोलायचे नाही.

आता मूळ मुद्दा. या हिवाळ्यात मी एका वाटणीच्या दाव्यासाठी चांदवडला गेले होते. कांद्याचे दिवस, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग, हवेत पातीची आणि सालपटांची धूळ. मी उलटतपासणीला उभी होते. खोकला आला आणि रुमाल लाल झाला. मी रुमाल घडी करून खिशात ठेवला, साक्षीदाराला उरलेला प्रश्न विचारला आणि खाली बसले. त्यानंतर बरेच दिवस इस्पितळात शिरेतून औषधे चालली, आणि रक्त थांबेपर्यंत पाठ ठोकण्याला मनाई होती. तुम्ही गेल्यानंतरच्या काही महिन्यांखेरीज माझ्या पाठीवर सकाळी कोणाचा हात नाही, असे आयुष्यात प्रथमच झाले. पेठ तालुक्यातल्या डोंगराकडच्या दोन बहिणींचा दावा माझ्याकडे आहे; भावांनी त्यांना बापाच्या जमिनीतून वगळले आहे, आणि त्यांचा अखेरचा युक्तिवाद सोमवारी नाशिकच्या न्यायालयात आहे. काल तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी, ज्या माझ्या निम्म्या वयाच्या आहेत, अहवाल बाजूला ठेवला. "मॅडम, तुमच्याशी वाद घालायचा तर मला वकील करावा लागेल. म्हणून सरळ विचारते. कोर्ट कधी सोडताय?" नवरा माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, आता अशील बदला. स्वतःची केस घ्या." दोघे उत्तरासाठी थांबले. मला खोकला आला. नवऱ्याचा हात लगेच माझ्या पाठीवर आला, एक क्षण थबकला, आणि मग त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितले, "थांबा जरा. होऊ दे." बाई थांबल्या. आणि मग मी म्हणाले की उत्तर रविवारपर्यंत देईन.

परतताना नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीप्रमाणे गाडी अडकली. खिडक्या बंद होत्या, बाहेर हॉर्न वाजत होते. तो समोर बघतच म्हणाला, "मघाचा गळ्यातला होता."

"काय गळ्यातला?"

"खोकला. खरा असला की आधी आत घरघरतं, हाताला लागतं. मग येतो. मघाचा नुसताच वरून आला."

मी विचारले, "हे तुम्हाला केव्हापासून कळतं?"

"लग्नानंतर महिन्याभरात कळलं. तुमच्या आईनं उशीवर शिकवलं, पण उशी काही बोलत नाही ना."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? तुम्हाला विचार करायला वेळ हवा असतो. घ्या की." पुढची गाडी हलली. "सिग्नल सुटला," तो म्हणाला आणि गिअर टाकला.

म्हणून आज रविवारी मी ही बाजू मांडायला बसले आहे, नियमाप्रमाणे आधी समोरची. फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत येत नाही. आता उरलेल्या श्वासाचा मालक मी एकटी नाही. त्याची देखभाल दुसऱ्या एका माणसाने तीस वर्षे स्वतःच्या हाताने केली आहे, आणि तो धुळीत उधळणे हे त्याच्या मालमत्तेचे नुकसान आहे. ज्या दोन बहिणी माझ्यावर विसंबून आहेत त्यांच्यापुढे मी मध्येच कोसळले तर दावा त्यांचा बुडेल. ही बाजू भक्कम आहे. मी ती खोडू शकत नाही, आणि जे खोडता येत नाही ते मान्य करायचे, हेही तुम्हीच शिकवलेत. म्हणून चांदवड, पेठ आणि बाहेरगावची सगळी न्यायालये मी सोडते. परंतु या बाजूने एवढेच सिद्ध होते की मी धुळीत जाऊ नये. मी बोलू नये हे सिद्ध होत नाही. माझे आयुष्य सांभाळून ठेवण्यासाठी सांभाळले गेले नव्हते. उद्या नाशिकच्या न्यायालयात मी उभी राहीन, त्या दोघींची बाजू मांडीन, लहान वाक्यांत. सहकारी वकील शेजारी असेल, आणि मी थांबले तर तो पुढे चालवील. सुरुवातीला प्रकृतीविषयी एक शब्दही बोलणार नाही. हे मी दुपारी नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "मान्य. पण कोट मी इस्त्री करणार, तुम्ही कॉलर जाळता." डॉक्टरीणबाईंना तो आज रात्री फोन करणार आहे.

या पत्राला पत्ता नाही, म्हणून मी पाकीट शोधलेले नाही. कोट दारामागे टांगलेला आहे. एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती कालच्या चौकापासून माझ्या मागे लागली आहे. तुमचा हात नवऱ्याच्या हातापेक्षा अधिक वर्षे माझ्या पाठीवर नसेल, पण तो आधी होता, आणि दिवसभर ऐकण्याचेच काम करणारा होता. त्याला घरघर कळत नसेल हे मला पटत नाही. नाना, त्या लोणच्याच्या सकाळी मला उत्तर सुचलेले नव्हते. समोरची बाजू मांडून झाली होती आणि पुढे काही नव्हते, म्हणून मी खोकले, घशातूनच. तुम्ही हात वर धरून थांबलात, पुष्कळ वेळ थांबलात, आणि तेवढ्यात आतून हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास आला.